सुई टोचली? आधी घड्याळ बघा!

गोडदेवमधून बोलतोय. माझी ताई इथल्याच एका छोट्या दवाखान्यात नर्स आहे. परवा रात्री घरी आली, तर बोटाला पट्टी. इंजेक्शन दिल्यावर टोपण परत लावताना सुई टोचली होती. म्हणाली, "कोणाला सांगू नकोस, मलाच ओरडतील."

इथेच घोळ होतो. पेशंटला एचआयव्ही असेल, तर अशा सुईतून लागण होण्याचा धोका हजारात साधारण 3. हेपॅटायटिस बी असेल आणि आपण लस घेतली नसेल, तर शंभरात 30 पर्यंत! म्हणून जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका आणि लगेच सांगा. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हायला हवीत.

आता सिरिंजचं बघू. ऑटो-डिसेबल सिरिंज एकदा वापरली की लॉक होते. पुढचा पेशंट वाचतो, पण सुई उघडीच राहते. नर्सला वाचवणारी सिरिंज वेगळी: काम झालं की सुई आत ओढली जाते किंवा तिच्यावर आवरण बसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच अशा सिरिंजची शिफारस केली.

त्या मिळेपर्यंत काय? टोपण परत लावायचं नाही. सुई थेट पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. 2016 पासूनचा नियमच आहे तो.

ताईला त्याच रात्री सरकारी रुग्णालयात नेलं. 28 दिवसांच्या गोळ्या आहेत. आज तिसरा दिवस.