डोईमागे तीन चौरस किलोमीटर

टेक्सासच्या पश्चिमेला जेफ डेव्हिस नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ 5,860 चौरस किलोमीटरच्या आसपास आणि 2020च्या जनगणनेत माणसं जेमतेम दोन हजार. म्हणजे डोईमागे जवळजवळ तीन चौरस किलोमीटर. त्यांतली निम्मी फोर्ट डेव्हिस या एकाच गावात राहतात.

हे गाव वसलं 1854च्या लष्करी ठाण्यापायी. सॅन अँटोनिओ ते एल पासो ही सुमारे साडेनऊशे किलोमीटरची वाट. टपाल आणि व्यापारी तांड्यांना अपाची, कोमान्चींपासून राखायला इथे फौज बसवली. मुलूख मात्र मुळात त्यांचाच होता. पुढे ठाण्यात शंभरावर इमारती झाल्या. 1891 मध्ये फौज उठली. गाव राहिलं आणि भोवतालचा काळोखही.

मला थक्क करतो तो हा काळोख. त्याच्याचसाठी जवळच्या डोंगरावर मॅकडोनाल्ड वेधशाळा आली. तिथली हॉबी-एबर्ली दुर्बीण 91 षट्कोनी आरशांची आहे. सगळे मिळून सुमारे अकरा मीटर रुंद. दहा लाखांवर दीर्घिकांचा नकाशा करण्याचं काम तिने हाती घेतलं. त्यांचा प्रकाश निघाला तो हजार कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी! आपली पृथ्वी घडली तेव्हा त्या प्रकाशाची निम्मी वाट सरून गेली होती. आणि तोच प्रकाश ती एल पासोची वाट सेकंदाच्या तीन हजारांशात तोडतो. बैलगाड्यांना आठवडेच्या आठवडे लागत.

अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर याच वेधशाळेने 1969 पासून कित्येक वर्षं लेसरचा झोत मारला. 3,84,000 किलोमीटर जाऊन प्रकाश अडीच सेकंदांत परत. अशा मोजणीतून कळलं की चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर सरकतो. या हिशेबाने ठाणं उभं राहिल्यापासून तो साडेसहा मीटर लांब गेला आहे.

पण एवढ्या दूरचं पाहणं उघड्या दिव्यांनी बिघडतं. म्हणून या भागात दिव्यांना वरून झाकण हवं, उजेड खालीच पडावा, असे नियम केले आहेत. 2022 मध्ये अमेरिका आणि मेक्सिको मिळून इथला सुमारे 39,000 चौरस किलोमीटर टापू काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र ठरला. तेव्हा जगात त्याहून मोठं असं क्षेत्र नव्हतं.