कर्जावर सही तुमची, घरावर नाव कुणाचं?

बारा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केल्यावर गेल्या वर्षी आम्ही घराचं मनावर घेतलं. तालुक्याचं गाव, टुमदार घर, किंमत एकवीस लाख. ह्यांचा पगार आणि माझी अर्धवेळ शाळेतली मिळकत मिळून कर्ज बसत होतं. बँकेत साहेबांनी कागद पुढे सरकवले, "बाई, इथं सही करा, आणि इथं." मी सहा-सात सह्या ठोकल्या. घरी येऊन खरेदीखताचा मसुदा वाचला, तर घेणाऱ्याच्या जागी एकट्या ह्यांचंच नाव!

"अहो, कर्ज फेडायला मी आहे, मग घराला का नाही?"

"अगं, माझं ते तुझंच ना?" हे हसून म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, ते मला ठाऊक आहे. पण सासूबाई आतून म्हणाल्या, "नाव घाल रे तिचं. तुझे वडील गेल्यावर शेताला नाव लागावं म्हणून मी तलाठ्याकडे किती खेटे घातले, विसरलास?"

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात घ्या. सहकर्जदार म्हणून सही केली की पूर्ण कर्जाची जबाबदारी तुमच्यावरही येते. पण मालकी ठरते ती खरेदीखतावरून. कर्जाच्या कागदावर कितीही सह्या केल्या, तरी त्यानं घर तुमचं होत नाही.

सरकारी मदत हवी असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. तिच्यात घर घरातल्या कर्त्या स्त्रीच्या किंवा पतिपत्नीच्या जोडनावावर असावं, यावर भर आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर शेकडा ४ टक्के व्याजाची सवलत मिळते. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, तेही पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर जमा होतात. पती, पत्नी व अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर असता कामा नये.

यात एक मेख आहे. सवलतीचा हप्ता येण्याच्या वेळी कर्ज चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक हवं. म्हणून हाती चार पैसे आले की लगेच कर्ज फेडायची घाई करण्याआधी हा हिशेब मांडा.

दुसरी गोष्ट हद्दीची. ही योजना नगरपालिका, नगरपंचायत अशा शहरी क्षेत्रासाठी आहे. आमच्यासारख्या गावांत रस्त्याच्या अलीकडे नगरपंचायत आणि पलीकडे ग्रामपंचायत असते. तेव्हा विसार देण्याआधी हद्द विचारून घ्या. ग्रामपंचायतीत ग्रामीण आवास योजना आहे, पण ते कर्ज नव्हे, अनुदान. ज्यांना पक्कं घर नाही अशा यादीतल्या कुटुंबांना स्वतःचं घर बांधण्यासाठी सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. गावठाणातल्या घरांसाठी २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना आली. ड्रोननं मोजणी होऊन मिळकतपत्रिका हाती आली, की बँकेपुढे ठेवायला मालकीचा कागद होतो.

तिसरी गोष्ट मुद्रांकाची. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावावर राहतं घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात शेकडा एक टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती मिळत नाही. आमच्या घराला ती एकवीस हजार होत होती. दोन रात्री आम्ही वाद घातला. शेवटी दोघांची नावं, निम्मानिम्मा हिस्सा, असं खरेदीखतात स्पष्ट लिहिलं. पैसा दोघांचा, म्हणून एकवीस हजार सोडले. तुमचा निर्णय वेगळा असू शकेल, पण तो समजून घेतलेला असावा एवढंच.

पैशांची तजवीजही आधीच करा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के देऊ शकते. वरचे पैसे, मुद्रांक आणि नोंदणी यांचा खर्च आपल्याच गाठीचा. व्याजदर बदलता असेल, तर मुदतीआधी कर्ज फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही. आणि सारं फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला, तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

आमचं खरेदीखत झालं, तेव्हा सासूबाई सोबत आल्या होत्या. वाचता येत नाही त्यांना. तरी कागदावर बोट ठेवून विचारलं, "यात तुझं नाव कुठलं?" मी दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

तुम्हीही बँकेत सही करण्याआधी तेवढंच विचारा, "यात माझं नाव कुठं आहे?"