सत्तर किलोंचे बळ कुठून येते?

आमच्या येरमाळ्यात येडेश्वरीच्या मंदिराच्या पायऱ्या हीच ज्येष्ठांची खरी तपासणी. ‘डॉक्टर, यंदा पायऱ्या चढवल्या नाहीत,’ हे वाक्य चैत्री यात्रेनंतर दवाखान्यात हमखास ऐकू येते. सोबतचा मुलगा लगेच सांगतो, ‘आईला आम्ही आता पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही.’ त्याची माया खरी. उपाय मात्र उलटा. अशा वेळी मला हर्षदा गरुड आठवते.

हर्षदा पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळची. भाताच्या या मुलखात लहानपणी तांदळाचे पोते पाठीवर वाहून नेल्याची तिची हकीकत प्रसिद्ध आहे. वडील शरद यांना या खेळाची ओढ. त्यांनी तिला बिहारीलाल दुबे यांच्या व्यायामशाळेत घातले. २०२० मध्ये ताश्कंदला आशियाई युवा स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले. पुढे २ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे, जागतिक कनिष्ठ स्पर्धेच्या ४५ किलो वजनी गटात, तिने स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ असे एकूण १५३ किलो उचलले. तुर्कस्तानची प्रतिस्पर्धी १५० वर थांबली. क्लीन अँड जर्कमध्ये ती ८५ किलो उचलून हर्षदाच्या पुढे होती. पण स्नॅचमधील पाच किलोंची आघाडी निर्णायक ठरली. या स्पर्धेत भारताला मिळालेले हे पहिलेच सुवर्ण. त्याच जुलैमध्ये ताश्कंदला आशियाई कनिष्ठ गटाचे सुवर्णही तिने जिंकले.

पंचेचाळीस किलोंच्या देहाने सत्तर किलो डोक्यावर न्यायचे, हे हातांच्या बळावर शक्य नाही. भार जमिनीवरून सुटतो तो मांड्या आणि नितंबांच्या जोराने. तो डोक्यावर तोलताना खेळाडू खोल बसते आणि तेथून पायांवर उठते. वाचकहो, खुर्चीतून उठताना आपणही हेच करतो, केवळ आपल्या देहाचा भार घेऊन. मांडीचे स्नायू क्षीण झाले की आधी हात टेकावे लागतात, मग कुणाचा तरी हात धरावा लागतो, आणि एखाद्या रात्री न्हाणीघराच्या वाटेवर तोल जातो. खुब्याचे हाड मोडल्यावर अंथरुणाला खिळलेले कितीतरी वृद्ध मी पाहिले आहेत.

हे बळ उतारवयातही परत येते. १९९० साली बोस्टनच्या डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची तर काठी सुटली.

तेव्हा कळशी काढून घेऊ नका, अर्धी भरून द्या. व्यायामासाठी हाताची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, जवळ कुणीतरी उभे राहावे. पाय जमिनीवर घट्ट रोवून, किंचित पुढे झुकून, हातांचा शक्य तितका कमी आधार घेत उठावे आणि सावकाश बसावे. आरंभी पाच वेळा पुरे. खेळाडू भार उचलताना श्वास रोखतात. आपण तसे करू नये, रक्तदाब एकदम चढतो. उठताना श्वास सोडावा. आहारात रोज डाळ, दूध, चालत असल्यास अंडी असावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी विचारल्याशिवाय आरंभ करू नये. छातीत दुखले, चक्कर आली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठावे.