पडद्यावरची न दिसणारी जागा

शाळेचा प्रवेश-अर्ज तुम्ही पाहिला असेलच. त्यावर 'नाव', 'जन्मतारीख' असे शब्द छापलेले असतात व त्यांच्यापुढे कोरी जागा सोडलेली असते. छापील शब्दांवर लिहायचे नाही, हे आपल्याला कळते. पण अर्ज कागदाऐवजी संगणकाच्या पडद्यावर असेल, तर यंत्राला ते कसे कळावे?

१९७१ साली आयबीएम कंपनीने '३२७०' ही टर्मिनलांची मालिका आणली. टर्मिनल म्हणजे पडदा व कळफलक. हिशेब करणारा मोठा संगणक बहुधा दूर असे. पडद्यावर सामान्यतः २४ ओळी व प्रत्येक ओळीत ८० जागा, म्हणजे एकूण १,९२० जागा असत. त्यांना ० पासून १,९१९ पर्यंत क्रमांक होते. पाचव्या ओळीतील दहाव्या जागेचा क्रमांक काढू. आधीच्या चार ओळींच्या ३२० जागा अधिक ९, म्हणजे ३२९.

आता खरी गंमत पाहा. प्रत्येक रकान्याच्या आधीच्या जागेत संगणक एक सांकेतिक खूण ठेवी. पडद्यावर ती जागा कोरीच दिसे. पुढे लिहिण्यास परवानगी आहे की नाही, अक्षरे साधी दिसावीत, ठळक दिसावीत की मुळीच दिसू नयेत, हे त्या खुणेतील बिट ठरवीत. परवाना-शब्द टंकताना शेजाऱ्याला दिसत नसे, तो यामुळेच. मनाई असलेल्या जागी टंकले, तर कळफलक अडून बसे.

खुणेचा अंमल पुढची खूण येईपर्यंत चाले. म्हणून २० अक्षरांच्या नावासाठी २२ जागा धराव्या लागत. शेवटची खूण राहून गेली, तर पुढचे छापील शब्दही लिहिणाऱ्याच्या हातून पुसले जात!

दोन जागा खर्चून मिळे काय? एका अक्षराचे ८ बिट धरले, तर भरलेल्या पडद्याचे १५,३६० बिट होतात. सेकंदाला ४,८०० बिट वाहणाऱ्या तारेवर त्यांना ३.२ सेकंद लागतील. पण खुणेतील आणखी एक बिट 'या रकान्यात बदल झाला' अशी नोंद ठेवी. मग बदललेले रकानेच पाठवले की पुरे. ३० अक्षरांना फक्त ०.०५ सेकंद, अधिक जागांचे क्रमांक पाठवण्यास किंचित वेळ.

चौकटीच्या कागदावर ८० गुणिले २४ घरे आखा आणि तुमच्या शाळेचा प्रवेश-अर्ज त्यात बसवा. खुणांची घरे मोजायला मात्र विसरू नका!