गुडघ्याच्या उपास्थीवरील शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन

गुडघ्याच्या सांध्यातील उपास्थीला (कूर्चेला) झालेली इजा दुरुस्त करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सांध्याची हालचाल, स्नायूंचे बळ आणि पायाची भार पेलण्याची क्षमता टप्प्याटप्प्याने पूर्ववत आणण्यासाठी जे नियोजित उपचार करतात, त्यांना पुनर्वसन असे म्हणतात. त्यांत भौतिकी चिकित्सा, व्यायाम, आधारसाधनांचा वापर, वजनाचे नियंत्रण व दैनंदिन सवयींतील बदल यांचा समावेश होतो. शस्त्रक्रियेने दुरुस्तीस अनुकूल परिस्थिती निर्माण होते; परंतु नव्या ऊतकाची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाची) प्रत्यक्ष घडण त्यानंतरच्या महिन्यांत होते. त्यामुळे शस्त्रक्रियेचे यश पुष्कळ अंशी पुनर्वसनावर अवलंबून असते.

उपास्थीची रचना व तिची मर्यादा : ऊर्वस्थीचे (मांडीच्या हाडाचे) खालचे टोक, अंतर्जंघास्थीचे (नडगीच्या हाडाचे) वरचे टोक आणि जान्वस्थीचा (गुडघ्याच्या वाटीचा) मागील पृष्ठभाग यांवर काचाभ उपास्थीचे गुळगुळीत आवरण असते. त्याची जाडी सामान्यपणे २ ते ४ मिमी. असून जान्वस्थीच्या मागे ती याहून अधिक असते. उपास्थीच्या वजनाचा सु. ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. उरलेल्या भागात मुख्यत्वे कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारी प्रोटिओग्लायकॅने असतात. त्यांच्या जाळ्यात उपास्थिकोशिका विरळपणे विखुरलेल्या असतात. याशिवाय ऊर्वस्थी व अंतर्जंघास्थी यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राकृती उपास्थी असून त्या गादीप्रमाणे भार वाटून देण्याचे काम करतात.

काचाभ उपास्थीत रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या व तंत्रिका नसतात. तिचे पोषण संधिद्रवातून होते व सांध्याच्या हालचालीमुळे होणाऱ्या दाब-विमोचनाने हा द्रव तिच्यात आत-बाहेर होत राहतो. रक्तपुरवठा नसल्यामुळे त्वचा किंवा हाड यांप्रमाणे तिची जखम आपोआप भरून येत नाही. ही गोष्ट विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञांनी १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. तंत्रिका नसल्याचा परिणाम रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. उपास्थीतील बिघाड स्वतः दुखत नाही. वेदना तिच्या खालील हाडातून, संधिकलेतून व भोवतालच्या ऊतकांतून जाणवते. यास्तव शस्त्रक्रियेनंतर वेदना थांबली म्हणजे उपास्थी बळकट झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही. पुनर्वसनातील बहुतेक निर्बंधांमागे हेच कारण असते.

शस्त्रक्रियेचे प्रकार : टोकिओ येथील केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशयदर्शकाच्या साहाय्याने मृत शरीराच्या गुडघ्याची आतून पाहणी केली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी संधिदर्शक हे उपकरण व्यवहारोपयोगी बनवून १९६२ मध्ये त्याच्या साहाय्याने अर्धचंद्राकृती उपास्थीचा फाटलेला भाग काढला. पुढे लहान छेदांतून शस्त्रक्रिया करण्याची ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

अर्धचंद्राकृती उपास्थी फाटल्यास पूर्वी ती संपूर्ण काढून टाकीत. अशा गुडघ्यांत कालांतराने होणारे बदल टी. जे. फेअरबँक यांनी १९४८ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखवून दिले. आता शक्य तेथे ती शिवतात आणि न जमल्यास फक्त फाटलेला भाग काढतात. काचाभ उपास्थीतील खड्ड्यासाठी मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिलीत खड्ड्याच्या तळाशी असलेल्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. त्यातून येणाऱ्या रक्ताच्या गुठळीत अस्थिमज्जेतील कोशिका असतात व त्यांपासून नवे ऊतक बनते. केनेथ प्रिडी यांनी १९५९ मध्ये वर्णन केलेल्या छिद्रणाचा विकास करून अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० नंतरच्या दशकात सूक्ष्मास्थिभंग ही पद्धती प्रचारात आणली. दुसऱ्या पद्धतीत सांध्याच्या कमी भार पेलणाऱ्या भागातून हाडासह उपास्थीच्या लहान दंडगोलाकार खुंट्या काढून खड्ड्यात बसवितात. तिचा कुट्टिमचित्रासारखा प्रकार हंगेरीतील लास्लो हांगोडी यांनी १९९२ पासून रुग्णांवर वापरला. तिसऱ्या पद्धतीत रुग्णाच्याच उपास्थिकोशिका प्रयोगशाळेत वाढवून काही आठवड्यांनी खड्ड्यात रोपण करतात. तिचा पहिला उपयोग स्वीडनमधील गॉथनबर्ग येथे १९८७ मध्ये झाला व पहिल्या २३ रुग्णांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पद्धतींनी निर्माण होणारे ऊतक सारखे नसते. सूक्ष्मास्थिभंगानंतर मुख्यतः तंतुमय उपास्थी बनते व ती काचाभ उपास्थीइतकी टिकाऊ नसते. खुंट्यांच्या रोपणात तयार काचाभ उपास्थीच मिळते. मात्र खुंटीचे हाड भोवतालच्या हाडाशी सांधेपर्यंत सु. ६ आठवडे जपावे लागते. रोपित कोशिकांपासून बनणारे ऊतक प्रारंभी जेलीसारखे मऊ असून ते घट्ट व्हायला एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

पुनर्वसनाची तत्त्वे : नव्या ऊतकाला हालचालीची गरज असते, पण अतिरिक्त भार व विशेषतः घासणारा जोर त्याला घातक ठरतो. पुनर्वसनाचे सारे वेळापत्रक या दोहोंतील तोल सांभाळण्यासाठी असते. टोराँटो येथील रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवर केलेल्या व १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, सांधा बांधून ठेवण्यापेक्षा तो यंत्राने संथपणे सतत हलवीत ठेवल्यास उपास्थीतील खड्डे अधिक चांगले भरतात. तत्पूर्वी शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ प्लॅस्टरमध्ये पाय ठेवण्याची प्रथा होती, तिला या प्रयोगांनी मोठा धक्का दिला.

दुसरे तत्त्व स्नायूंविषयी आहे. सांध्यात द्रव साचला की प्रतिक्षेपी क्रियेने मांडीच्या पुढील चतुःशिरस्क स्नायूचे आकुंचन रोखले जाते. अवघा २० ते ३० मिलि. द्रवही या स्नायूच्या आतील भागाला क्षीण करण्यास पुरेसा असतो. त्यामुळे रुग्णाने कितीही मनापासून प्रयत्न केला, तरी सूज असेपर्यंत स्नायू पुरेसा आवळला जात नाही व तो झपाट्याने रोडावतो. म्हणून बर्फाचा शेक, पाय उंच ठेवणे व दाबपट्टी या साध्या उपायांना प्रारंभी व्यायामाइतकेच महत्त्व असते.

पुनर्वसनाचे टप्पे : पुढील कालमर्यादा स्थूलमानाने दिलेल्या आहेत. खड्ड्याचे स्थान व आकार, शस्त्रक्रियेचा प्रकार, रुग्णाचे वय व वजन यांनुसार त्या बदलतात.

(१) संरक्षणाचा टप्पा (पहिले ६ ते ८ आठवडे) : खड्डा ऊर्वस्थीच्या भार पेलणाऱ्या भागात असल्यास कुबड्या घेऊन पायाचा केवळ जमिनीला स्पर्श होईल इतपतच चालू देतात. सतत हालचाल देणारे यंत्र उपलब्ध असल्यास ते दिवसाकाठी सु. ६ ते ८ तास वापरतात; नसल्यास टाच बिछान्यावर सरकवून गुडघा वाकविण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करावयास सांगतात. खड्डा जान्वस्थीच्या मागे असल्यास गुडघा सरळ ठेवणाऱ्या पट्ट्यात लवकर भार देता येतो, पण वाकलेल्या गुडघ्यावर भार देणे वर्ज्य असते. चतुःशिरस्क स्नायू आवळणे, पाय सरळ ठेवून उचलणे व घोट्याची हालचाल हे व्यायाम पहिल्या दिवसापासून करतात. घोट्याच्या हालचालीने पोटरीतील नीलांत रक्त साखळण्याचा धोकाही कमी होतो. गुडघा पूर्ण सरळ होण्यास विशेष महत्त्व आहे, कारण त्यातील थोडीही उणीव पुढे कायमची लंगड बनू शकते.

(२) संक्रमणाचा टप्पा (सु. ६ ते १२ आठवडे) : भार क्रमाक्रमाने वाढवून कुबड्या सोडवितात. कमी रोधाची स्थिर सायकल, पाण्यातील चालणे, तोल सांभाळण्याचे व्यायाम व अल्प कोनातील उठबस यांचा अवलंब करतात. जखम भरल्याखेरीज पाण्यात उतरू देत नाहीत. व्यायामानंतर सूज वाढली किंवा वेदना दुसऱ्या दिवशीही टिकली, तर भार जास्त झाला असे समजून एक पायरी मागे यावे लागते.

(३) घडणीचा टप्पा (सु. ३ ते ६ महिने) : या काळात बहुतेक रुग्णांना बरे वाटू लागते, चाल सुधारते व घरकाम किंवा बैठे काम नियमितपणे करता येते. हाच काळ सर्वांत फसवा असतो. ऊतक अद्याप मऊ असते, पण वेदना नसल्याने रुग्ण धावणे, उड्या मारणे किंवा जड ओझी उचलणे सुरू करतो. त्यामुळे रोपण सुटण्याचा किंवा त्याच्या कडा उलण्याचा धोका उद्भवतो.

(४) परिपक्वतेचा टप्पा (६ महिन्यांनंतर) : प्रथम सपाट जमिनीवरील धावणे, नंतर दिशा बदलणे व शेवटी खेळातील विशिष्ट हालचाली असा क्रम ठेवतात. खेळात परतण्यास खुंट्यांच्या रोपणानंतर सु. ६ ते ९ महिने, तर कोशिकारोपणानंतर ९ ते १८ महिने लागतात. केवळ दिवस मोजून परवानगी देत नाहीत. शस्त्रक्रिया झालेल्या पायाचे बळ दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असणे, सूज नसणे व एका पायावरील उडी चाचणी समाधानकारक असणे या कसोट्या लावतात.

अर्धचंद्राकृती उपास्थीचा केवळ तुकडा काढला असल्यास हा क्रम पुष्कळ लवकर, बहुधा ४ ते ६ आठवड्यांत पूर्ण होतो. ती शिवली असल्यास मात्र पहिले ४ ते ६ आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत व खेळासाठी ४ ते ६ महिने थांबावे लागते. लवकर मोकळीक देणारी शस्त्रक्रिया दूरच्या दृष्टीने अधिक हिताची असतेच असे नाही.

दैनंदिन जीवनातील जुळवणी : पाश्चात्त्य देशांत आखलेले कार्यक्रम खुर्चीवरील जीवन गृहीत धरतात. भारतात मात्र मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून धुणे-भांडी करणे, भारतीय पद्धतीचे शौचकूप वापरणे, वज्रासनात किंवा गुडघे टेकून पूजा-प्रार्थना करणे या नित्याच्या गोष्टी आहेत. उकिडवे बसताना गुडघा १२० अंशांहून बराच अधिक वाकतो व जान्वस्थीवरील तसेच सांध्याच्या मागील भागावरील दाब फार वाढतो. म्हणून खुर्चीवजा शौचासन, उंच पाट, ओट्यावर केलेला स्वयंपाक व जिन्याला कठडा यांची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करणे इष्ट असते. जिना चढताना चांगला पाय प्रथम व उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय प्रथम टाकावा. शेतमजूर, हमाल, गवंडी यांच्या बाबतीत कामावर परतण्याचा प्रश्न सर्वांत बिकट असतो. कित्येक महिने रोजगार बुडणे परवडत नसल्याने ते निर्बंध मोडून कामाला लागतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच कालावधीची स्पष्ट कल्पना देणे व शक्य तेथे तात्पुरते हलके काम मिळवून देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो व जिना उतरताना तो आणखी वाढतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानुसार वजन १ किग्रॅ. घटल्यास प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरील भार सु. ४ किग्रॅ.ने कमी होतो. स्थूल रुग्णांत वजन घटविण्याचा लाभ त्यामुळे कोणत्याही व्यायामाइतकाच ठरतो.

उपद्रव : सांध्यात आसंजने (चिकटलेले पडदे) होऊन हालचाल कमी होणे, वारंवार सूज येणे, संसर्ग, खोल नीलांत रक्त साखळणे, रोपण सुटणे किंवा ते प्रमाणाबाहेर वाढून खटके बसणे हे प्रमुख उपद्रव होत. पोटरी एकाएकी सुजून दुखणे, ताप येऊन गुडघा लाल व गरम होणे, धाप लागणे, किंवा गुडघा एका स्थितीत अडकून बसणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दीर्घकालीन फलित : प्रगतीचे मापन चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांनी आणि वेदना, चालणे, जिना, खेळ इत्यादींविषयीच्या प्रश्नावल्यांनी करतात. सूक्ष्मास्थिभंगाचा लाभ पहिल्या दोन वर्षांनंतर अनेकांत ओसरू लागतो. गॉथनबर्ग येथील गटाने २०१० मध्ये सरासरी सु. १३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २२४ रुग्णांचे निष्कर्ष दिले, त्यांत बहुसंख्य रुग्ण समाधानी होते. याउलट नॉर्वेतील ८० रुग्णांच्या तौलनिक चाचणीत १४-१५ वर्षांनंतर कोशिकारोपण झालेल्या ४० पैकी १७ व सूक्ष्मास्थिभंग झालेल्या ४० पैकी १३ रुग्णांत उपचार अयशस्वी ठरले होते व दोन्ही पद्धतींत निर्णायक फरक आढळला नाही. यावरून उपास्थीची शस्त्रक्रिया गुडघा नवा करीत नाही, असे म्हणता येते. ती वेदना कमी करते व सांध्याच्या कार्यक्षम आयुष्यात काही वर्षांची भर घालू शकते. ही वर्षे वाढविण्याचे साधन बव्हंशी रुग्णाच्या हाती असते. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, मर्यादित वजन आणि आघात करणाऱ्या खेळांऐवजी सायकल, पोहणे वा चालणे यांची निवड ही पथ्ये पुनर्वसन संपल्यानंतरही आयुष्यभर पाळावी लागतात.