नाकातली नळी: भिऊ नका, पण जपा



मालवणजवळच्या एका कातकरी वाडीतील आजोबांना अर्धांगवायू झाला. गिळणे बंद झाल्यावर डॉक्टरांनी नाकातून नळी घालायला सांगितले. आजीने माझा हात धरला. "सिस्टर, नळी म्हणजे आता संपलंच ना?" मी म्हटले, "नाही आजी, ही पोटाकडे जाणारी जेवणाची वाट आहे."

यासाठी भूल लागत नाही. रुग्णाला बसवून नाकापासून कानापर्यंत व तिथून छातीच्या हाडाखालपर्यंत माप घेतात. नळी सरकताना उमासा येतो, डोळे पाणावतात. काही मिनिटांत काम आटोपते. ती पोटातच पोचल्याची खात्री झाल्यावरच अन्न देतात. चार-सहा आठवड्यांहून अधिक काळ लागणार असेल, तर दुर्बिणीच्या साहाय्याने थेट पोटावर नळी बसवता येते. तिला 'पेग' म्हणतात. ही पद्धत १९७९ पासून आहे.

घरी रुग्णाला टेकून बसवावे आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तसेच ठेवावे. गाळलेली पातळ पेज डॉक्टरांनी सांगितली तेवढीच द्यावी. आधी व नंतर नळीतून पाणी सोडावे. खोकला वा धाप लागली तर लगेच थांबावे.

एका रात्री आजोबांनी नळी उपसली. आजीने ती स्वतः घातली नाही, सकाळी दवाखाना गाठला. हेच योग्य, चुकून ती श्वासनलिकेत गेली असती.

अशा घरी भेटीला जाल तेव्हा एवढे कराच: मायेनेसुद्धा तोंडात घास भरवू नका.