उंदरांचं हाड वाढलं, म्हणून आपलं वाढेल?

अठरा-वीस वर्षांची मुलं हल्ली ओपीडीत मोबाइल पुढे करून विचारतात, "डॉक्टर, हे पेप्टाइड घेतलं तर उंची वाढेल का?" नाव बहुतेकदा इपामोरेलिन असतं आणि पुरावा म्हणून उंदरांवरचा एक प्रयोग. तो प्रयोग खोटा नाही, म्हणूनच तो नीट वाचायला हवा.

इपामोरेलिन हे ग्रोथ हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला ते हार्मोन सोडायला लावतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्रौढ उंदीर माद्यांना ते दिवसातून तीनदा, असं १५ दिवस टोचलं. वाढ मोजायला टेट्रासायक्लिन वापरलं. हे प्रतिजैविक नव्या हाडात जाऊन बसतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. (लहान मुलांना ते टाळतो याचं कारणही हेच: दातांवर कायमचे डाग पडतात.) औषध न दिलेल्या माद्यांचं हाड दिवसाला ४२ मायक्रॉन वाढलं, सर्वांत मोठ्या मात्रेवर ५२. पंधरा दिवसांचा फरक झाला ०.१५ मिलिमीटर. उंदरासाठी तो कमी नाही.

पुढच्या वर्षी स्वीडनमधल्या संशोधकांनी १२ आठवडे हीच औषधं दिली. हाडांतलं खनिज वाढलं, पण हाड आकाराने मोठं झालं म्हणून. घनता होती तेवढीच राहिली. मला आशा वाटते ती तिसऱ्या प्रयोगाबद्दल. स्टेरॉइडमुळे मंदावलेली हाडाची घडण उंदरांत इपामोरेलिनने सुधारली. दमा, संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडं आम्ही रोज पाहतो. पण इपामोरेलिन माणसांसाठी औषध म्हणून अजून हाती नाही.

उंचीचं गणित मात्र वेगळ्याच जागी अडतं. उंदराच्या लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या वाढपट्ट्या प्रौढपणीही बऱ्याच काळ उघड्या राहतात. आपल्या मात्र वयात आल्यावर काही वर्षांत हाडात मिसळून जातात. त्यानंतर ग्रोथ हार्मोन कितीही वाढवलं तरी उंची वाढत नाही. अतिरेक झाला तर जबडा, हात, पाय रुंदावतात, रक्तातली साखर चढते. शिवाय 'केवळ संशोधनासाठी' असं लिहिलेल्या ऑनलाइन कुपीत नेमकं काय आहे, हे कोण सांगणार?

चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर तरी वाढतं. त्याहून बरंच कमी वाढत असेल, तर तेव्हाच डॉक्टरांना दाखवा. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं, आणि थायरॉइडची कमतरता किंवा ग्रोथ हार्मोनचा खरा अभाव असेल तर त्यावर उपचार आहेत.